चकव्याच्या चित्रपटासाठी वर्गणी कशी मागावी?

पत्र : आम्ही तिघे मित्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. दोन लघुपट केल्यानंतर आता 'चकवा' या कल्पनेवर ऐंशी मिनिटांचा भयपट लिहिला आहे. रात्री वाट चुकलेली माणसे एकाच बांधाभोवती फिरत राहतात आणि त्यांतली काही सकाळी सापडतच नाहीत, एवढेच कथासूत्र. रात्रीच्या शूटिंगचे १८ दिवस धरून अंदाजपत्रक १८ लाखांचे आहे आणि आमच्याकडे ६ लाख आहेत. उरलेल्या १२ लाखांसाठी आम्ही समाजमाध्यमांवर पोस्टर आणि यूपीआय क्रमांक टाकला. पंधरा दिवसांत २३ जणांकडून ४१,३०० रुपये आले. त्यांतले १९ जण नात्यातले किंवा शाळेतले. ओळखीच्या एका व्यावसायिकांनी नफ्यात १० टक्के वाटा मिळणार असेल तर २ लाख देण्याची तयारी दाखवली आहे. क्राउडफंडिंगची मोहीम नीट कशी चालवावी? कुठल्या संकेतस्थळावर जावे, देणाऱ्यांना बदल्यात काय द्यावे, परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे घेता येतात का? आणि आलेल्या ४१,३०० रुपयांचे आता काय करावे?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या सगळ्या आकड्यांत मला २३ हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटला. कसलीही तयारी नसताना, नुसते पोस्टर पाहून २३ माणसांनी सरासरी सुमारे १,८०० रुपये दिले, ही थोडी गोष्ट नाही. मात्र याच सरासरीने १२ लाख उभे करायचे तर साडेसहाशेहून अधिक माणसे लागतात, आणि तुम्ही तिघांनी मिळून साडेसहाशे माणसांशी आजवर या चित्रपटाबद्दल बोलला आहात का, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रात मला कुठेही सापडले नाही. तुम्ही रक्कम आधी ठरवलीत आणि माणसे आपोआप येतील असे गृहीत धरलेत. मोहीम फसते ती बहुतेक वेळा इथेच. पोस्टर वाईट होते किंवा मराठी माणूस पैसे सोडत नाही, ही कारणे नंतर सुचलेली असतात.

लोकांच्या पैशातून चित्रपट उभा राहिल्याची दोन उदाहरणे आपल्याकडे नेहमी दिली जातात, आणि ती दोन्ही अर्धवट समजून घेतली जातात. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ साली आला तो गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिल्यामुळे. हे २ रुपये मागायला कुणी दारोदार फिरले नव्हते. गावोगावच्या दूध संस्थांचे जाळे आधीपासून उभे होते, सभासदांची यादी होती, रोजच्या दुधाचा हिशेब होता आणि ज्या चळवळीवर चित्रपट निघणार होता तिच्यावर त्या माणसांचा विश्वास होता. दुसरे उदाहरण पवनकुमार यांच्या 'लुसिया' या कन्नड चित्रपटाचे. तो २०१३ साली प्रदर्शित झाला. त्यासाठी २७ दिवसांत ५१ लाख रुपये जमले, पण ते दिले ११० जणांनी. भागाकार केलात तर दरडोई रक्कम ४६ हजारांच्या वर जाते. पवनकुमार यांच्या नावावर त्याआधी एक प्रदर्शित चित्रपट होता, आणि निर्माते का मिळत नाहीत याविषयी त्यांनी जे उघडपणे लिहिले ते वाचणारा वर्ग त्यांना ओळखत होता. एकीकडे तयार संघटना, दुसरीकडे तयार नाव. तुमच्याकडे या दोन्हींपैकी काहीच नाही, म्हणून तुमची वाट तिसरी असावी लागेल. मागणी लहान आणि डोळ्यांना, किंवा तुमच्या बाबतीत कानांना, कळेल अशी हवी. आणि पैसे मागण्याआधी माणसे मोजलेली हवीत.

लहान मागणी म्हणजे काय ते एका भयपटाच्याच उदाहरणाने सांगतो. जेनिफर केंट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेच्या 'द बाबाडूक'साठी मुख्य पैसा तिथल्या सरकारी चित्रपट संस्थांकडून आला होता. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर त्यांनी २०१२ मध्ये फक्त सुमारे ३० हजार डॉलर मागितले, तेही कलाविभागासाठी, म्हणजे ज्या घरात ती सारी भीती घडते ते घर उभारण्यासाठी. 'माझा चित्रपट पूर्ण करा' आणि 'हे घर उभे करायला हातभार लावा' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले वाक्य ऐकून माणसाला आपल्या हजार रुपयांनी काय होणार असे वाटते. दुसरे ऐकल्यावर त्याला त्या घराची एखादी भिंत आपली वाटू लागते.

तुमच्या चित्रपटात अशी गोष्ट कोणती? मी कथासूत्र दोनदा वाचले आणि माझे उत्तर ध्वनी हे आहे. चकव्याला तोंड नाही, हातपाय नाहीत. हडळ, मुंजा किंवा गिऱ्हा यांचे वर्णन कुणी ना कुणी करून सांगतो, चकवा मात्र फक्त वाट चुकवतो. म्हणजे प्रोस्थेटिक मेकअप (कृत्रिम अवयव, जखमा) आणि व्हीएफएक्स (संगणकावरची दृश्ये) यांवर तुम्हाला फारसा खर्च नाही, आणि असेल तर तो करू नका. काळोखात चालणाऱ्या माणसाला मागून येणारी आपल्याच पावलांची चाहूल, दर वेळी त्याच बाजूने येणारा पाटाच्या पाण्याचा आवाज, दूरवर चाललेल्या दशावताराच्या खेळातला मृदंग जवळ येत येत अचानक पाठीमागे ऐकू येणे, यातूनच तुमचा प्रेक्षक घाबरणार आहे. हे काम साउंड डिझाइन, फॉली (पावले, कपडे यांचे आवाज स्टुडिओत नव्याने करणे) आणि मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणे) यांचे. कमी पैशातल्या मराठी चित्रपटांत सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी इथे, कारण शूटिंग संपेपर्यंत पैसे संपलेले असतात.

म्हणून मोहीम संपूर्ण चित्रपटासाठी काढू नका, ध्वनीसाठी काढा. आणि तीही शूटिंग आटोपून एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन कायम ठरल्यावर. त्यासाठी अंदाजपत्रक पुन्हा मांडावे लागेल. रात्रीच्या शिफ्टचे १८ दिवस मला जास्त वाटतात. जनरेटर, लाइट, जेवणखाण, बॅटा (रोजचा भत्ता) आणि गाड्या हे सगळे दिवसांवर मोजले जाते, तेव्हा पटकथेतली ठिकाणे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आणून हेच काम १२ रात्रींत बसते का ते आधी पाहा. तुमचे ६ लाख आणि त्या व्यावसायिकांचे २ लाख (त्यांच्या अटीविषयी पुढे बोलू) एवढ्यात शूटिंग आणि संकलन बसवायचे, आणि मोहिमेतून ४ लाखांच्या आसपास उभे करायचे, असा आराखडा मला झेपणारा दिसतो. धोका अर्थातच आहे, कारण मोहीम फसली तर तुमच्या हातात आवाजाविना चित्रपट उरेल. पण तो चित्रपट असेल, नुसते पोस्टर नसेल. देणाऱ्यालाही समोर झालेले काम दिसते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

मात्र शूटिंगच्याही आधी एक गोष्ट करून ठेवा, ती म्हणजे दोन-अडीच मिनिटांचा नमुना. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे उगवते याचे चित्रीकरण केले, 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म त्यातून तयार झाली, आणि ती पाहिल्यावर त्यांना कर्ज देणारा माणूस मिळाला, ही कथा तुम्हाला ठाऊक असेलच. विमा पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने यांचा भाग सगळे सांगतात. वाटाण्याचा भाग मात्र विसरतात. तिकडे अमेरिकेत सॅम रेमी आणि त्यांच्या मित्रांनी 'द ईव्हिल डेड'साठी हेच केले. सुपर ८ वर अर्ध्या तासाचा एक नमुना-भयपट काढला आणि तो दाखवत ते मिशिगनमधल्या ओळखीच्या डॉक्टर-वकिलांकडे पैसे मागत फिरले. विनोद सांगून पटवता येतो, प्रेमकथा थोडीफार सांगता येते. भीती सांगून पटत नाही. 'आमचा चित्रपट खूप भयानक आहे' असे म्हणणाऱ्याला लोक हसतात.

तुमच्या नमुन्यात चेहरा दाखवू नका, भूत दाखवू नका आणि पहिल्या मिनिटात तुम्ही तिघे रांगेत बसून 'नमस्कार, आम्ही...' असे म्हणणेही टाळा. 'कानाला हेडफोन लावा' एवढी एक ओळ, मग जवळजवळ काळा पडदा आणि चालणाऱ्या माणसाचा आवाज. शेवटच्या वीस सेकंदांत दिग्दर्शकाने समोर येऊन किती रक्कम, कशासाठी आणि कधीपर्यंत हवी ते सांगावे. हा नमुना तयार झाल्यावर तुमचा चित्रपट ठाऊक नसलेल्या दहा जणांना तो एकेकटे बसवून ऐकवा. त्यांतल्या सहा-सातांनी मागे वळून पाहिले नाही, तर मोहीम सुरू करू नका. नमुना पुन्हा करा.

आता माणसे मोजण्याविषयी. ध्वनीच्या कामाला ३,७५,००० रुपये लागतील असे धरू. संकेतस्थळाचे शुल्क, पैसे वळते करण्याचा खर्च आणि त्या शुल्कावरचा जीएसटी मिळून ढोबळमानाने नऊ टक्के, आणि भेटवस्तू व टपालखर्चाला सहा टक्के धरलेत तर जाहीर मागणी ४,५०,००० ची ठेवावी लागते. तुमच्याच १,८०० च्या सरासरीने याला २५० माणसे हवीत. 'नक्की देतो' म्हणणाऱ्या दहांपैकी प्रत्यक्षात तिघे देतात, असा माझा ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या वहीत आठशे-साडेआठशे नावे असली पाहिजेत, आणि नाव याचा अर्थ फोन उचलून ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस. समाजमाध्यमावरचा अनुयायी त्यात धरू नका.

आठशे हा आकडा ऐकून दचकू नका, कारण कोकणातल्या माणसाकडे हे जाळे असतेच, फक्त तो त्याला जाळे म्हणत नाही. प्रत्येक गावाचे मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ आहे, त्याचे पदाधिकारी आहेत, वर्गणीची पावतीपुस्तके आहेत आणि देवळाच्या जीर्णोद्धारापासून शाळेच्या पत्र्यांपर्यंत पैसे कसे जमवायचे याचा अनुभव त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांच्याकडे पैसे मागायला जाऊ नका; नमुना ऐकवायला जा आणि त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चकव्याचे अनुभव ध्वनिमुद्रित करून घेऊ शकतो का, असे विचारा. ज्याच्या आजीचा आवाज तुमच्याकडे आहे त्याला तुमचा चित्रपट परका राहत नाही. (ते आवाज चित्रपटात वापरणार असाल तर लेखी संमती घ्या, आजीचीच, नातवाची चालणार नाही.) शिवाय भयकथा वाचणारे, रात्रीच्या ट्रेकला जाणारे, ऑडिओ कथा ऐकणारे अशा मंडळींचे गट मराठीत भरपूर आहेत, आणि भयपटाचा चाहता हा इतर चाहत्यांपेक्षा अधिक निष्ठावान असतो, कारण त्याला हवे ते त्याच्या भाषेत क्वचितच मिळते.

वेळ साधणे हीही एक कला आहे. गणपतीत सगळे चाकरमानी गावात एकत्र भेटतात हे खरे, पण तेव्हा खिसे रिकामे झालेले असतात. तेव्हा नावे गोळा करा आणि पैशाचा विषय काढू नका. मोहीम साधारण महिन्याच्या २८ तारखेला सुरू करून पुढचा महिना ओलांडून त्याच्या पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, म्हणजे दोन पगार तिच्यात येतील एवढी ठेवा. त्याहून लांबवली की देणाराही 'नंतर देऊ' म्हणतो आणि मागणाराही थकतो. भयपट आहे म्हणून अमावास्येला सुरुवात करण्याची कल्पना तुमच्यातल्या कुणाला तरी सुचेलच. करू नका. आपल्याकडची मागची पिढी लक्ष्मीपूजनाचा दिवस सोडला तर अमावास्येला पैशाचा नवा व्यवहार करत नाही, आणि तुमच्या २३ जणांतले बरेच त्याच पिढीतले असावेत.

आरतीचे ताट फिरवण्याआधी त्यात स्वतःच एखादी नोट ठेवलेली असते. रिकाम्या ताटात पहिला हात घालायला कुणाला आवडत नाही. मोहिमेचेही तसेच. ऐंशी-नव्वद माणसांशी आधीच बोलून ठेवा, की पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी पैसे भरायचे आहेत, आणि एकूण मागणीचा एक तृतीयांश तरी त्या दोन दिवसांत दिसेल असे पाहा. ते शक्य नसेल तर तारीख पुढे ढकला. यात फसवणूक काही नाही. ती खरी माणसे आहेत आणि पैसेही खरे आहेत, फक्त त्यांची वेळ तुम्ही जुळवून आणली.

बदल्यात काय द्यावे, याचे उत्तर मी माझ्याच एका चुकीवरून देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लघुपटासाठी दीडशेच्या आसपास लोकांना टी-शर्ट कबूल केले. मापे गोळा करण्यातच महिना गेला, छापणाऱ्याने अक्षर चुकवले, पुन्हा छापावे लागले, आणि शेवटचा टी-शर्ट पोचला तेव्हा लघुपट प्रदर्शित होऊन विस्मरणातही गेला होता. जमलेल्या रकमेचा किती भाग त्यात गेला ते मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून माझा नियम असा, की ज्याला माप, वजन किंवा पिनकोड लागतो अशी वस्तू कबूल करायची नाही.

तुमच्या कथेत मात्र फुकटात देता येईल असे फार सुंदर काही आहे. चकव्यात नाहीशी झालेली माणसे आहेत, म्हणजे पोलीस पाटलाकडे त्यांची नोंदवही असणार. त्या नोंदवहीत देणाऱ्यांची नावे लिहा आणि कॅमेरा त्या पानांवरून सावकाश फिरवा. हा प्रसंग तेवढा मोहिमेनंतर चित्रित करायला राखून ठेवा. एका खोलीत, एका दुपारी होणारे काम आहे. कागदपत्रांतून फिरणाऱ्या कॅमेऱ्यासमोर आपले नाव येण्याची वाट पाहणारा प्रेक्षक चित्रपटगृहात पूर्ण वेळ बसतो. अर्थात बेपत्ता किंवा मृत म्हणून आपले नाव दिसणे काहींना अशुभ वाटेल. अशांची नावे 'शोधायला निघालेले ग्रामस्थ' म्हणून लिहा. निवड त्यांच्यावर सोडा. अधिक रक्कम देणाऱ्यांना मिक्सिंगच्या दिवशी स्टुडिओत बसू द्या, किंवा शूटिंग झाले त्या पायवाटेवरून एका रात्री दिग्दर्शकासोबत चालवून आणा. एक गोष्ट मात्र कबूल करू नका, ती म्हणजे चित्रपटाची डाउनलोड प्रत ठरावीक तारखेला देणे. पुढे ओटीटी किंवा वितरकाशी करार करताना ते अनन्य हक्क मागतात आणि तुमची दोन-अडीचशे जणांना वाटलेली प्रत तिथे आडवी येते. 'प्रदर्शनानंतर खास खेळाला आमंत्रण' एवढे शब्द पुरेत.

कुठल्या संकेतस्थळावर जावे, असे तुम्ही विचारले आहे. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. किकस्टार्टरवर मोहीम काढण्याची सोय भारतात राहणाऱ्यांना नाही. आपल्याकडच्या मोठ्या संकेतस्थळांवर मुख्यतः वैद्यकीय मदतीच्या मोहिमा असतात, आणि शेजारी अतिदक्षता विभागातल्या बालकाचे छायाचित्र असताना भयपटाच्या साउंड मिक्सिंगसाठी पैसे मागणे कुणालाही अवघड जावे. कुठेही गेलात तरी दोन गोष्टी पाहा. मागणी पूर्ण झाली तरच पैसे मिळणार की जमतील तेवढे मिळणार, आणि सगळे शुल्क धरून हातात किती येणार. पहिला प्रकार मला अधिक प्रामाणिक वाटतो. देणाऱ्याला खात्री असते, की अर्धवट रकमेत काहीतरी थातुरमातुर करून वेळ मारून नेली जाणार नाही. तशी सोय मिळाली नाही तर तुम्हीच जाहीर करा, की अमुक तारखेपर्यंत ३ लाखांपेक्षा कमी जमले तर सगळी रक्कम परत जाईल. आणि तसे झाल्यास खरोखर परत करा.

आता कायद्याचा भाग. तो रटाळ असला तरी पुढची दोन वर्षे तुम्हाला झोप लागणार की नाही हे त्यावर ठरते. त्या व्यावसायिकांचा १० टक्क्यांचा प्रस्ताव आणि लोकांची वर्गणी या दोन गोष्टी एका पिशवीत घालू नका. एका ओळखीच्या माणसाशी लेखी करार करणे, किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढून त्यांना भागीदार करून घेणे, हा सरळ व्यवहार आहे. त्यात १० टक्के कशाचे, ढोबळ उत्पन्नाचे की सर्वांचे पैसे फिटल्यानंतर उरलेल्या नफ्याचे, हे मात्र आकड्यांच्या उदाहरणासह लिहून घ्या. समाजमाध्यमावर 'पैसे लावा, नफ्यात वाटा मिळवा' असे जाहीर आवाहन करणे हा वेगळा मामला आहे. सर्वसामान्य जनतेकडून अशा रीतीने भागभांडवल उभे करायला आपल्याकडे मुभा नाही. सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, २०१४ साली या विषयावर चर्चापत्र काढले होते, पण त्यातून सर्वांसाठी दार उघडले नाही. कंपनी कायद्यानुसार खासगी पातळीवर समभाग देतानाही एका आर्थिक वर्षात २०० जणांची मर्यादा आहे, आणि ठरावीक परताव्याचे आश्वासन देऊन पैसे घेतलेत तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आडवा येऊ शकतो. तेव्हा मोहिमेच्या मजकुरात 'गुंतवणूक', 'परतावा', 'नफा' हे शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

करांच्या बाबतीत एक गंमत आहे. मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम वर्षभरात ५० हजारांच्या वर गेली तर ती सगळीच करपात्र ठरते. नातेवाइकांनी दिलेली मात्र यातून सुटते. पण आयकर कायद्याच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी हे नातेवाईक आहेत आणि चुलत-मावस भावंडे नाहीत! बदल्यात काही देणार असाल तर तो व्यवसायाचा व्यवहार ठरू शकतो आणि हिशेब वेगळा होतो. एखाद्या सनदी लेखापालाकडे मोहिमेच्या आधी जा, नंतर नव्हे, आणि कुणाच्याही बचत खात्यावर पैसे न घेता संस्थेच्या नावाने स्वतंत्र चालू खाते उघडा. परदेशातल्या नातेवाइकांविषयी एवढे ध्यानात ठेवा, की भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा परकीय योगदान धरला जात नाही. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे तो मात्र कायद्याच्या नजरेत परकीय स्रोत ठरतो आणि त्याच्या पैशाला परकीय योगदानाच्या कायद्याचे निर्बंध लागू शकतात. न्यू जर्सीच्या भावाला आधी 'पासपोर्ट कुठला?' असे विचारावे लागणार, त्याला इलाज नाही.

नावाविषयीही विसरू नका. 'चकवा' हे नाव घेऊन तुम्ही महिनाभर जाहिरात करणार आहात, तर ते शीर्षक कुणाच्या नावावर नोंदलेले नाही ना, हे अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे चौकशी करून आधी पाहा आणि मोकळे असेल तर नोंदवा. नमुन्यात घुबड दाखवावेसे वाटत असेल तर घुबड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते हे लक्षात घेऊन त्याच्या आवाजावर भागवा. तुमचा चित्रपट नाही तरी आवाजाचाच आहे.

आणि एक विनंती, जी मी प्रत्येक भयपटवाल्याला करतो. मोहीम रंगवण्यासाठी 'सत्य घटनेवर आधारित' अशी थाप मारू नका, आणि अमुक गावच्या अमुक पाणंदीत अजूनही माणसे नाहीशी होतात अशी अफवा तर मुळीच सोडू नका. परदेशात असल्या युक्त्या खपल्या आहेत. आपल्याकडे तेवढ्यावरून एखाद्या घराण्यावर किंवा एकट्या राहणाऱ्या बाईवर गावाची नजर वळते. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. चकवा ही लोककथा आहे असे स्वच्छ सांगून तुम्ही जितके घाबरवू शकाल तितके घाबरवा.

मोहीम पूर्ण झाली तर दर महिन्याला एक पान लिहून सर्वांना पाठवा : या महिन्यात काय झाले, किती खर्च झाला, काय अडले. काही झाले नसेल तर 'काही झाले नाही' असे लिहा. गणेशोत्सव मंडळे जमाखर्च फळ्यावर लावतात, तसाच तुमचाही लागला पाहिजे, पैशापैशापर्यंत. उशीर माफ करणारे पुष्कळ असतात, गप्प बसणे माफ करणारे मी फारसे पाहिलेले नाहीत.

राहिले ते ४१,३०० रुपये. ते १२ लाखांच्या मोहिमेसाठी आले होते आणि ती मोहीम आता तुम्ही बदलणार आहात, म्हणून ते गुपचूप नव्या खात्यात वळवू नका. तिघांनी २३ नावे वाटून घ्या आणि प्रत्येकाला फोन करा. एकगठ्ठा संदेश नको. योजना कशी बदलली ते सांगा आणि पैसे परत हवेत की नव्या मोहिमेच्या पहिल्या दिवसासाठी ठेवू, असे विचारा. जे परत मागतील त्यांना त्याच दिवशी पाठवा आणि पावती जपून ठेवा. जे 'असू द्या' म्हणतील त्यांना आणखी एक प्रश्न विचारा, की हा नमुना ऐकायला आवडेल अशी तुमच्या ओळखीची पाच माणसे कोण. उत्तर मिळेल तसे वहीत लिहीत जा. आणि नात्याबाहेरचे, शाळेबाहेरचे जे चौघे आहेत, त्यांना तुमचा चित्रपट नेमका कुठून कळला आणि काय वाचून त्यांनी पैसे दिले, हे सर्वांत आधी विचारा. ते चार फोन दिग्दर्शकाने स्वतः करावेत.